पुण्यात लोकसंगीत लाइव्ह ऐकायचं तर जायचं कुठे?

रानजाई
शास्त्रीय ऐकायचं असेल तर पुण्यात प्रश्नच नाही. डिसेंबरात सवाई, बाकी वर्षभर कुठे ना कुठे बैठक असते, पेपरात जाहिरात येते, तिकीट काढलं की झालं. नाटकाचंही तेच. पण गोंधळ, भारूड, पोवाडा, जागरण हे समोर बसून ऐकायचं तर पत्ता काय?

माझं लोकसंगीत म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधलं कोळीगीत, तेवढंच. मग ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात एक फ्युजन बँड आला. ड्रमसेट, बेस गिटार आणि मधोमध कमरेला संबळ बांधलेला विशी-बाविशीतला मुलगा. गिटारवाल्यांनी काय वाजवलं ते आठवत नाही, संबळ मात्र डोक्यातून जाईना. तेव्हापासून यूट्यूबवर मिळेल ते ऐकतेय, पण आता मोबाइलवर भागत नाही.

तर जाणकारांनी सांगा: कुठे जायचं, कधी जायचं, बाहेरच्या माणसाने गेलेलं चालतं का, आणि नऊ वर्षांच्या मुलीला नेता येईल असं काय आहे? बँडही सुचवा, मला त्यांचं वावडं नाही.

पेठेतला_पोपट
बाजीराव रोडला केळकर संग्रहालयात जा. जुनी वाद्यं एकाहून एक आहेत, सगळी काचेच्या कपाटात. शांतता उत्तम. मुलीलाही चालेल.

हिंजवडी_एक्सप्रेस
पोपटराव, हाहाहा.

रानजाई, मीही बँडमधूनच आत शिरलो. २०१० ला पुण्यात वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून इंडियन ओशन, रघु दीक्षित वगैरे मंडळींच्या मागे होतो. रघु दीक्षितची कन्नड गाणी शब्द न कळता पाठ झाली. मग एकदा सहज बघितलं तर त्यातली काही शिशुनाळ शरीफ नावाच्या संतकवीची पदं निघाली, एकोणिसाव्या शतकातली! तिथून मला एक सवय लागली. बँडचं गाणं आवडलं की हे आधी कोण गात होतं ते शोधायचं. कबीर कॅफे या बँडवरून माळव्यात कबीर गाणाऱ्या प्रल्हादसिंह टिपानियांपर्यंत गेलो आणि खरं सांगतो, परत यायला बराच वेळ लागला. तंबुरा, करताल आणि तो माळवी आवाज, बास.

मराठीत अभंग रिपोस्ट ऐका. मुंबईची पोरं आहेत, बेस आणि ड्रमवर अभंग गातात. मुलीला नक्की आवडेल.

झीलकरी
आमचं घर गोंधळ्याचं. मी बँकेत आहे, पण काका आणि चुलतभाऊ अजून सुपाऱ्या घेतात. सुट्टी असली की मी मागे तुणतुणं धरून उभा राहतो, म्हणून हा आयडी.

बाहेरच्या माणसाने गेलेलं चालतं का? गोंधळ हा कार्यक्रम नाही, कुळाचार आहे. कुणाच्या घरी लग्न झालंय, मूल झालंय, नवस फिटलाय, म्हणून तो घालतात. चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची, मग एकेका दैवताला बोलावणं जातं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. सगळे येऊन बसले की पुढे आख्यान. यजमानाला विचारून गेलात तर कुणी नाही म्हणत नाही, उलट जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ओळखीत लग्न असेल तिथे एवढंच विचारा, ‘तुमच्यात गोंधळ असतो का?’ पुण्यात कितीतरी घरांत असतो, फक्त पत्रिकेत छापत नाहीत.

दोन गोष्टी पाळा. सतरंजीवर पुढे बसा, मागच्या खुर्चीत नको. आणि आरतीचं ताट आलं की त्यात नोट टाका. व्हिडिओ काढून, टाळ्या वाजवून निघून जाणारे पाहुणे आम्ही लांबून ओळखतो.

संबळाबद्दल: तो एक नाही, जोडी असते, एक लहान तोंडाचा आणि एक मोठा. वाजवायच्या काठ्यांपैकी एकीचं टोक वाकडं. तुम्ही ऑफिसात ऐकलात तो माइकमधून आणि ड्रमसेटच्या खाली दबलेला. घराच्या पुढच्या खोलीत हाताच्या अंतरावर वाजतो तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

रानजाई
@झीलकरी, हे सगळं मला माहीतच नव्हतं. म्हणजे लग्नाच्या जेवणाला गेले आणि गोंधळ चुकवून आले, असं किती वेळा झालं असेल!

तानपुरा
लोकसंगीताबद्दल आदर आहे. पण दोन तास बसून ऐकण्याजोगं त्यात काय असतं हे मला कधी कळलं नाही. चार-पाच स्वरांतली एकच चाल, तोच ठेका, शेवटी लय वाढवायची. उत्सवात छान वाटतं, घरी येऊन काही आठवतं का? (हलकं घ्या.)

ओवीबाई
तानपुरा, देवासला आजारपणात अंथरुणावर पडलेल्या कुमार गंधर्वांच्या कानावर माळव्यातली गाणी पडत होती. ती त्यांनी नुसती ऐकली नाहीत, जमवली, आणि लोकधुनांतून मालवती, सहेली तोडी असे राग उभे केले. धुनउगम राग म्हणतात त्यांना. चार स्वरांच्या चालीत त्यांना जे सापडलं ते आपल्याला सापडत नसेल तर दोष चालीचा नसावा.

तानपुरा
पुण्यात कुमारजी काढले की वाद संपतो हे तुम्हाला माहीत आहे. फाउल.

झीलकरी
एकच चाल हे खरंच आहे. पण आख्यान रात्रभर ओढायचं असतं आणि ध्रुवपद ऐकणाऱ्यांनी उचलायचं असतं, त्यामुळे चाल सोपीच लागते. बारकावा बघायचा तर बोलण्यात बघा. नायक गाता गाता बोलायला लागतो, जोडीदार त्याला मुद्दाम आडवे प्रश्न विचारतो, लोक हसतात, आणि त्या हशातच संबळ पुन्हा कधी सुरू झाला ते कळत नाही. ही वेळ साधायला माझ्या चुलतभावाची अर्धी जिंदगी गेली. मला अजून जमत नाही, म्हणून तुणतुणं.

कुंदाकाकू
लावणीचं कुणी बोलेना म्हणून मीच बोलते. बालगंधर्वला लावणीचे प्रयोग लागतात, अधूनमधून फक्त महिलांसाठीही असतात. आमची भिशीची गँग जाते. शिट्ट्या वाजवायला मी साठीनंतर शिकले, ज्यांना लाज वाटते त्यांनी रुमाल उडवावा.

पण रानजाई, तुला ऐकायचंय ना? मग तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचार, वादक स्टेजवर आहेत की ट्रॅकवर नाच आहे? हल्ली पुष्कळ ठिकाणी पेनड्राइव्ह लावतात. ढोलकीवाला समोर असला की नाचणारी त्याच्याशी भांडते, त्याला अडवते, तो तिला चुकवायला बघतो, सगळी मजा त्या झटापटीत. पेनड्राइव्हशी काय भांडणार?

आणि बैठकीची लावणी मिळाली तर सोडू नकोस. बसून गायची, नाच जवळजवळ नाहीच, नुसती अदा. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना एकदा ऐकायचं भाग्य मिळालं होतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि प्रत्येक वेळी चेहऱ्यावर निराळा अर्थ. २०१२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या. २०१८ ला गेल्या. तानपुरा, त्यांची रेकॉर्डिंग ऐका आणि मग या इथे.

तानपुरा
काकू, ऐकतो. तुमच्याशी वाद घालण्याची हिंमत नाही, तुम्ही शिट्टी वाजवाल.

नारायणगावचा
ताई, पाडव्याच्या आधी आमच्याकडं या. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसून बोलणी होतात, कुठल्या जत्रेला कोणता फड, किती सुपारी, सगळं तिथं ठरतं. मग चैत्र-वैशाखात जत्रा चालू झाल्या की जुन्नर, खेड, आंबेगाव, शिरूर, जिकडं जाल तिकडं तमाशा. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं गाव आहे हे, उगाच नाही.

तिकिटाचाच असला पाहिजे असं नाही. जत्रेतला तमाशा गाव देवासाठी ठेवतं, पटांगणात जाऊन बसायचं. आधी गण, मग गवळण, मावशी येऊन हसवून लोळवणार, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. सिनेमाची गाणी पण असतात, नाक मुरडू नका, पब्लिकला पाहिजेत. पण गणाला पडदा सरकतो आणि ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज एकदम उठतात ना, तेवढं ऐकून उठलात तरी चालंल. लहान मुलीला दिवसाच्या हजेरीच्या कार्यक्रमाला आणा, बाया-पोरं सगळी असतात.

हिंजवडी_एक्सप्रेस
नारायणगावचा, तमाशा रात्रभर चालायचा म्हणतात, आता?

नारायणगावचा
आता कुठला. दहाला भोंगा बंद. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नाही. नियम चुकीचा म्हणत नाही, घरात आजारी माणूस असतं. पण जेवणं उरकून लोक यायलाच नऊ होतात. गण-गवळण झाली की पोलीस येऊन उभे. वग गुंडाळायचा. तीन-तीन तासांचे वग पाठ असलेली माणसं आहेत, त्यांना आता एक तास मिळाला तर नशीब. नवीन पोरगं एवढा मोठा वग पाठ करील कशाला?

झीलकरी
हे अगदी. आमच्याकडे उलट झालं. गोंधळाला माइक नसला तरी चालतं, म्हणून काकांनी माइकच बंद केला. घरात, दार लावून, उशिरापर्यंत. आवाज पुरतो, लोकच जवळ सरकून बसतात.

डफावर_थाप
अर्धा धागा झाला आणि भीमगीतांचं नाव नाही. पुण्यातच राहता ना मंडळी?

१३ एप्रिलच्या रात्री वस्त्यांमध्ये फिरा. चौकाचौकात स्टेज, पेटी, ढोलकी, मागे कोरस, आणि समोर आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळा मोहल्ला. डीजेच्या भिंती असतात हे मान्य, त्यांच्यापासून दोन गल्ल्या आत जायचं. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी गाणारे आजही तिथे भेटतात. गावोगाव फिरून गाणी बांधणारा माणूस, सिन्नरजवळच्या देशवंडीचा. त्याच्या आधी आंबेडकरी जलसे होते, तमाशाचाच साचा घेऊन त्यात गणाच्या जागी वेगळा विचार मांडणारे.

आणि शाहिरी म्हणजे फक्त अफझलखानाचा वध नव्हे. तो अज्ञानदासाचा पोवाडा थोरच आहे, पण अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच डफावर उभं होतं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं भरत होतं. ‘लोकसंगीत’ म्हटलं की देव आणि शेत एवढंच डोळ्यांपुढे येतं, त्याचा कंटाळा आलाय. गाणाऱ्याची जात आणि मालकाचं घर हे दोन्ही त्या गाण्यात असतं.

पेठेतला_पोपट
डफावर_थाप, +१. यावर पुणेरी टिप्पणी नाही.

झीलकरी
+१. मालकाचं घर यावरून आठवलं. राजस्थानातल्या मांगणियार कलाकारांशी आमची एकदा गाठ पडली होती, पुण्यातच, कार्यक्रमानंतर ग्रीनरूममध्ये. ते मुसलमान, गातात हिंदू यजमानांच्या घरी, जन्माला आणि लग्नाला, पिढ्यान् पिढ्या ठरलेली घरं. काका म्हणाले, ‘अरे, ही तर आपलीच गोष्ट.’ फरक एवढाच, की कोमल कोठारींसारखा माणूस त्यांना भेटला. १९६० मध्ये विजयदान देथांबरोबर बोरुंद्यात रूपायन संस्थान काढून त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली, कलाकारांना परदेशी मंचापर्यंत नेलं. आज खरताल म्हटलं की दिल्ली-लंडनचे लोक मान हलवतात. संबळ म्हटलं की पुण्यातलेच विचारतात, म्हणजे ताशा का?

हिंजवडी_एक्सप्रेस
अवांतर: प्रोजेक्टसाठी डब्लिनला होतो तेव्हा स्मिथफील्डमधल्या कॉबलस्टोन नावाच्या पबमध्ये जायचो. तिथे ‘सेशन’ चालतं. स्टेज नाही. वादक एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, फिडल, बासरी, बोव्हरान नावाचा डफासारखा चामड्याचा वाद्यप्रकार. पाठ श्रोत्यांकडे! कुणी कुणासाठी वाजवत नाही, तुम्ही आपले बाजूला बसून ऐकायचं. एक चाल दोन-तीनदा, मग न थांबता दुसरी. नवखा माणूस वाद्य घेऊन आला तर त्याला सरकून जागा देतात, पण चाल येत नसेल तर त्याने गप्प बसायचं, हा अलिखित नियम.

पुण्यात असं काहीच नाही याचं वाईट वाटायचं.

मुठेकाठचा
नाही कसं? भजनी मंडळात कधी गेला नाहीत का? गोल बसलेले, पखवाज मधे, टाळ सगळ्यांच्या हातात, नवीन माणसाला टाळ देतात आणि ठेका चुकला की शेजारचा गुडघ्याने ढोसतो. चक्री भजनात एकामागून एक पाळी येते, कुणी ‘मला येत नाही’ म्हणू शकत नाही. मावळ-मुळशीत, हवेलीतल्या जुन्या गावांत एकादशीला हे अजून चालतं. बाणेर, बावधन, पाषाण ही पण गावंच होती हो. आयटी पार्कच्या मागच्या देवळात चौकशी करा. पबपेक्षा स्वस्त पडेल.

हिंजवडी_एक्सप्रेस
आमच्या बिल्डिंगच्या मागेच विठोबाचं देऊळ आहे. इतकी वर्षं फक्त गुगल मॅपवर खूण म्हणून वापरलंय.

ओवीबाई
जाता जाता बायकांच्या गाण्याबद्दल. त्यांना ना बँड होता, ना श्रोते. पहाटे जातं, समोर एखादी जोडीदारीण, आणि ओवी. भाऊ, माहेर, सासू, विठोबा, पाऊस, रामाने टाकलेली सीता, सगळं दळणाबरोबर बाहेर यायचं. पिठाच्या गिरण्या आल्या आणि ती पहाटेची वेळच गेली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सुरुवात आपल्या मुळशी-मावळातून. त्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात, फुकट. डफावर_थाप, माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत त्यात, तुम्हाला आवडतील.

डफावर_थाप
ऐकल्या. ओवीबाई, थँक्यू. आमच्या मावशीचा आवाज तस्सा होता.

रानजाई
ओवीबाईंचं वाचून सासूबाईंना विचारलं. ‘आता कशाला हव्यात तुला?’ म्हणाल्या. नंतर भांडी लावता लावता दोन-चार म्हणाल्या, त्यांच्या भावावरच्या. मी फोन काढला तर थांबल्या. लेक मात्र ओट्यावर बसून ऐकत होती, तिला त्यातली एक आलीये.

बरं, आता जागरणाचं सांगा. जेजुरीला गेलं तर वाघ्या-मुरळी ऐकायला मिळतात का?

झीलकरी
मिळतात. पण सोमवती अमावस्येला जाऊ नका, भंडारा आणि गर्दी याशिवाय काही दिसणार नाही. साध्या रविवारी गडावर जा, लोक देवदर्शनानंतर तिथेच छोटेखानी जागरण घालून घेतात. दिमडी, तुणतुणं आणि मुरळीच्या हातात घाटी, म्हणजे घंटी. पूर्ण जागरण घरीच होतं, त्यात वाघ्या शेवटी लोखंडी साखळी तोडतो, त्याला लंगर तोडणं म्हणतात.

एक गोष्ट मुलीला सांगताना ध्यानात असू द्या. पूर्वी मुली देवाला वाहून मुरळी करायचे. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी त्या प्रथेविरुद्ध काम केलं आणि पुढे कायद्यानेही ती बंद झाली. आज जागरण पार्टीत, म्हणजे जागरणाच्या संचात, नाचणाऱ्या मुरळ्या बहुतेक करून कलाकार म्हणून सुपारी घेतात. गाणं सुरेख आहे म्हणून मागचं विसरायचं नाही.

कुंदाकाकू
हे छान सांगितलंस रे. लावणीवालींनाही लोक टाळ्या देतात, घर भाड्याने देत नाहीत.

मुठेकाठचा
रानजाई, मूळ प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीचा होता. माझं मत: आषाढी वारी. दोन्ही पालख्या एकाच दिवशी पुण्यात येतात आणि दोन रात्री मुक्काम असतो. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. रस्त्यावर सेल्फीवाल्यांत उभं राहू नका. संध्याकाळनंतर पेठांमध्ये जिथे दिंड्या उतरतात त्या शाळा, देवळं, वाडे हिंडा. कुठे हरिपाठ, कुठे भारूड, कुठे बायकांच्या गवळणी आणि फुगड्या. एका रात्रीत दहा जिल्ह्यांचे आवाज. मुलीला फुगडीत ओढतील, तेवढी तयारी ठेवा.

रानजाई
ठरलं. लेकीला घेऊन पालखीला, नवऱ्याला घेऊन नारायणगावला. लग्नाच्या पत्रिका आल्या की झीलकरींचा प्रश्न विचारणार. काकू, बालगंधर्वला मला घेऊन जाल?

कुंदाकाकू
शिट्टीची प्रॅक्टिस करून ये.

हिंजवडी_एक्सप्रेस
पालखीच्या दिवशी पेठेत पार्किंगचं काय?

मुठेकाठचा
पार्किंग?? पोपटराव, तुम्हीच सांगा याला.

पेठेतला_पोपट
त्या दिवसांत गाडी तर सोडाच, मी स्वतः घरातून हलत नाही. दिंडी आमच्याच वाड्यात उतरते, आजोबांच्या काळापासून. नगर जिल्ह्यातली माणसं आहेत, पखवाजवाला अप्रतिम. काकडा पहाटे चारला. रानजाई, मुलीला घेऊन यायचं तर या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. चहा मिळेल. चपला बाहेर, फोन खिशात.

तानपुरा
पोपटराव, मलाही पत्ता पाठवा. स्वर मोजायला येतो.

पेठेतला_पोपट
या. टाळ मोजूनच देतात.